तोरेगेने खातून : पोरासाठी की स्वतःसाठी? (काथ्याकूट)

सांजवात

लेकीला शाळेत रझिया सुलतानवर पाच मिनिटं बोलायचं होतं. तयारी अर्थातच माझी. रझियाचा कारभार १२३६ ते १२४० एवढाच, म्हणून पुढचं-मागचं जरा चाळायला घेतलं, तर १२४१च्या डिसेंबरात मंगोलांनी लाहोर लुटल्याचं दिसलं. कोणाचे मंगोल म्हणून बघत गेले, तर त्याच डिसेंबरात तिकडे त्यांचा खाकान, म्हणजे सर्वांत वरचा खान, ओगेदेई (चंगीझचा तिसरा मुलगा) दारूपायी गेलेला. आणि त्यानंतर १२४६च्या ऑगस्टपर्यंत गादी रिकामी! कोरियाच्या सीमेपासून काळ्या समुद्राच्या पार उत्तरेपर्यंतचा मुलूख, आणि बराच काळ तो सांभाळतेय ओगेदेईची बायको, तोरेगेने खातून. भाषण राहिलं बाजूला, मी रात्री दोनपर्यंत जागी.

थोडक्यात सांगते. ही आधी मेर्किट टोळीतल्या एका सरदाराघरची बायको. १२०४ मध्ये चंगीझने मेर्किटांना बुडवलं आणि लुटीत आलेली ही बाई मुलाला देऊन टाकली. (याच मेर्किटांनी पूर्वी चंगीझची बायको बोर्ते पळवून नेली होती. हिशेब चुकता.) ओगेदेईची थोरली बायको बोराक्चिन, तिला मुलगा नाही. तोरेगेनेला पाच. नवऱ्याच्या मनात गादी नातवाला, शिरेमूनला, द्यायची होती. हिने ती आपल्या थोरल्याला, गुयुकला, मिळवून दिली. त्यासाठी साडेचार वर्षं सगळ्यांना झुलवत ठेवलं. आणि गुयुकने गादीवर बसल्यावर काय केलं? आईच्या सर्वांत जवळच्या बाईला हालहाल करून मारलं. त्यानंतर काही महिन्यांत आईही गेली.

तर प्रश्न असा : हे सगळं तिने पोरासाठी केलं, की पोराचं नाव पुढे करून स्वतः राज्य केलं? मी सध्या 'पोरासाठी' या बाजूला आहे. झोडा.

घाटावरचा

पहिला! वाचनखूण साठवली. सवडीने झोडतो.

जुना_बखरकार

सांजवात, धागा उत्तम. पण 'पोरासाठी' हे फार मालिकाछाप होतंय हो.

बाईंनी हातात शिक्का आल्याबरोबर काय केलं ते बघा. ओगेदेईच्या काळातली कारभारी मंडळी एकेक करून उडवली. चिनकाई म्हणजे मुख्य चिटणीस, तो पळाला गुयुकच्या धाकट्या भावाकडे, कोतेनकडे. उत्तर चीनचा कारभार बघणारा महमूद यलवाच, त्याला पकडायला माणूस पाठवला. यलवाचने काय करावं? आलेल्याला घरी ठेवून घेतलं, मानपान केला, यथेच्छ पाजली, आणि तो आडवा झाल्यावर हा घोड्यावर बसून पसार. तोही कोतेनकडेच. आईने माणसं परत मागितली तर कोतेनने कळवलं की ससाण्याच्या पंजातून सुटून पाखरू झुडपात शिरलं तर झुडूपसुद्धा त्याला आसरा देतं, मग मी कसा परत देऊ? मध्य आशिया बघणारा यलवाचचा मुलगा मसूद बेग, तो बातूकडे (चंगीझचा नातू, पश्चिमेकडचा खान) गेला. खुरासानचा (पूर्व इराणकडचा मुलूख) कारभारी कोर्गुझ मात्र सापडला आणि जिवानिशी गेला.

यांच्या जागी कोण? चीनच्या वसुलीवर अब्दुर्रहमान नावाचा व्यापारी. मक्तेदार हो, दुसरं काय. रयतेकडून किती उकळतोस ते तुझं तू बघ, आमचा आकडा आमच्या हातावर ठेव. चीनच्या वसुलीचा आकडा ११ लाख तोळ्यांच्या घरात होता (चिनी तोळा आपल्यापेक्षा बराच जड), तो या गृहस्थाने २२ लाख करून दाखवतो म्हटलं.

आता माझा आवडता प्रसंग. येलू चुत्साई हा जुना मंत्री, कारभार शिस्तीत बसवणारा. बाईंनी अब्दुर्रहमानला कोरे कागद दिले, वर बादशाही शिक्का मारून. हवं ते लिहून घे! चुत्साईने साफ नकार दिला. मग फर्मान निघालं की अब्दुर्रहमानच्या सूचना जो कारकून लिहून घेणार नाही त्याचा हात तोडा. चुत्साई म्हणाला, मी मरणाला भीत नाही, हाताचं काय घेऊन बसलात. १२४४च्या सुमाराला तो गेला, तेव्हा कुणीतरी कान भरले की देशाची अर्धी वसुली याच्याच घरात असणार. बाईंनी झडती घ्यायला लावली. निघालं काय? दहा-बारा तंतुवाद्यं, आणि काही हजार ग्रंथ, चित्रं, जुन्या लेखांचे ठसे.

कोऱ्या कागदावर शिक्का मारून देणारी बाई पोरासाठी राज्य सांभाळते आहे? पोराच्या हाती काय उरणार, खडखडाट?

बंड्या_बोरिवलीकर

तोरेगेने तरी बरं आहे. तिच्या जावेचं नाव एका दमात म्हणून दाखवा : सोर्खाख्तानी बेकी. मी तीनदा प्रयत्न केला, बायको पाणी घेऊन आली.

खडूस_काकू

बखरकार, प्रसंग झकास रंगवलात, पण लिहिणारा कोण ते सांगायचं सोयीस्कर विसरलात.

तोरेगेनेची बहुतेक बदनामी जुवैनी या फारसी इतिहासकाराच्या लेखणीतली. जुवैनी नोकरीला कोणाच्या? हुलागूच्या. हुलागू कोण? बंड्याचा घसा बसवणाऱ्या त्या सोर्खाख्तानीचा मुलगा. तिचे चार मुलगे : मोंगके, कुब्लाई, हुलागू, आरिक बोके. गुयुक १२४८ मध्ये मेला आणि १२५१ मध्ये या बाईने बातूच्या मदतीने गादी ओगेदेईच्या घराण्यातून उचलून आपल्या घरात आणली. गुयुकची विधवा ओघुल कायमिश, तिच्यावर चेटकाचा आरोप ठेवून तिला मारलं. आता सांगा, ज्यांनी भावकीची गादी घेतली त्यांच्या पदरचा लेखक आधीच्या घरच्या बायकांना काय म्हणणार? शहाण्या, समंजस, प्रजाहितदक्ष?

तीच लेखणी सोर्खाख्तानीवर आली की कशी मऊ होते बघा. ती स्वतः ख्रिस्ती, तरी बुखाऱ्यात मदरसा बांधायला चांदीच्या हजार लगडी दिल्या, असं कौतुक. दिल्याही असतील. पण एक जाऊ सोन्याची आणि दुसरी शेणाची असं इतिहासात क्वचितच असतं. सासरच्या गोतावळ्यात मात्र नेहमी असतं.

आणि तुमचा तो अब्दुर्रहमान. त्याने २२ लाखांचा आकडा कोणासमोर मांडला? ओगेदेईसमोर, हयात असताना. मक्ता दिला ओगेदेईने. खापर बायकोच्या डोक्यावर. वा!

कंपाउंडर

+१ काकू. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावणार.

जुना_बखरकार

काकू, अर्धं मान्य. जुवैनीचं मीठ हुलागूच्या घरचं, हे खरंच. पण कोऱ्या कागदाची गोष्ट जुवैनीची नाही, ती चिनी बाजूने आलेली आहे. मंगोलांना हाकलल्यावर मिंग दरबाराने मागच्या राजवटीचा जो इतिहास सिद्ध केला, १३७० च्या आसपास, त्यातली. त्यांना हुलागूशी काय देणंघेणं?

खडूस_काकू

मिंगांनी कागद कुठून आणले? कुब्लाईच्या वंशजांच्या दफ्तरातून. म्हणजे पुन्हा सोर्खाख्तानीचंच घर. शिवाय चुत्साई हा चिनी पंडितांचा लाडका, त्याच्या चरित्रात समोरच्या बाईने खलनायिका असायलाच हवं. मी प्रसंग खोटा म्हणत नाही. पण झडतीत फक्त वाद्यं आणि पुस्तकं निघाली, हे जरा जास्तच नीटनेटकं वाटत नाही का तुम्हाला?

जुना_बखरकार

वाटतं. पण गोष्ट आवडते, काय करू.

भटकी_चप्पल

अवांतर होईल, पण लिहितेच. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं मंगोलियाला गेलो होतो. काराकोरमला, म्हणजे आताच्या खारखोरिनला, ओगेदेईची राजधानी बघायला म्हणून पोहोचलो. बघायला काय आहे? एर्देने झू नावाचा मठ, १५८५-८६ चा, जुन्या शहराचे दगड वापरून बांधलेला. चारी बाजूंनी पांढऱ्या स्तूपांची तटबंदी. आणि तटाच्या बाहेर गवतात एक दगडी कासव. पाठीवर खाच आहे, तिच्यात पूर्वी शिलालेख उभा असायचा. तो गेला, कासव बसलंय. त्याच्या पाठीवर कुणीतरी छोटे खडे रचून ठेवले होते, एक निळा रेशमी रुमाल बांधला होता. बाकी चहूकडे वारा.

वाटेत ड्रायव्हरने एका गेरपाशी (तो गोल नमद्याचा तंबू) गाडी थांबवली. घरच्या आजींनी वाडगं भरून घोडीचं आंबवलेलं दूध दिलं. पातळ आंबट ताकात कुणीतरी चिमूटभर सोडा टाकलाय असं लागतं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, तिसऱ्याला बरं वाटलं. आजी अखंड कामात होत्या आणि अखंड हुकूम सोडत होत्या. आजोबा कोपऱ्यात बसून आमच्याकडे बघून हसत होते.

तेव्हा त्या रुब्रुक नावाच्या पाद्र्याने लिहिलेलं आठवलं. तो १२५३-५४ मध्ये तिकडे गेला होता. तो म्हणतो की एकेक बाई वीस-तीस गाडे हाकते. गाडे एकामागे एक बांधलेले, पुढच्या गाड्यावर बाई बसलेली. अख्खं घर, अख्खा संसार चाकांवर आणि लगाम तिच्या हातात. नवरे मोहिमेवर गेले की मागे सगळा व्यवहार बायकांचाच. त्यामुळे नवरा मेल्यावर बायकोने कारभार हातात घेणं यात तिथल्या लोकांना काही जगावेगळं वाटलं नसणार. ते आपल्याला वाटतं.

शब्दवेडा

अवांतरात अवांतर. त्या लोकांचं देणं आपण रोज तोंडात घोळवतो. 'नोकर' हा मूळ मंगोल शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ साथीदार, सरदाराच्या बरोबरीने लढणारा त्याचा खासा माणूस. 'दरोगा' म्हणजे मंगोलांनी जिंकलेल्या मुलखावर बसवलेला अंमलदार. 'बहाद्दर' त्यांचाच, बगातूर. आणि 'उर्दू' म्हणजे ओर्दा, राजाची किंवा राणीची छावणी. तोरेगेनेचाही स्वतःचा ओर्दा होता.

बंड्या_बोरिवलीकर

नोकर म्हणजे साथीदार? उद्या साहेबांना सांगून बघतो.

रांगडा_गडी

येवढं सगळं मंगोल मंगोल. आपल्या ताराराणी काय कमी होत्या का? नवरा गेला, पोर लहान, सात वर्षं औरंगजेबाला पुरून उरल्या. आणि पुढे पोरासकट कैदेत पडल्या त्या घरच्याच माणसांमुळे. मंगोलियात जायची गरज काय?

खडूस_काकू

रांगड्या, गरज नाही, हौस आहे. आणि ताराबाईंचं नाव काढलंस तर नीट जुळव. त्या घोड्यावर बसून मोहिमा आखत होत्या, समोर शत्रू उभा होता. तोरेगेनेसमोर शत्रू कोण? भावकी. लढाया तिच्या काळातही झाल्या, १२४३ मध्ये कोसे दागला मंगोल सेनापती बायजूने रूमच्या (म्हणजे आताच्या तुर्कस्तानातल्या) सेल्जुकांना झोपवलं, पण त्यात हिचा हात कमी. हिची लढाई ओर्द्यात बसून निरोप पाठवायची. प्रत्येक राणीला ताराबाई करायला गेलो की ताराबाईंचंही काही कळत नाही आणि त्या बाईचंही.

रांगडा_गडी

बरं काकू. निरोपाची लढाई कशी ते तरी सांगा.

सांजवात

ते मी सांगते, कारण तिथेच मी या बाईच्या प्रेमात पडले.

चंगीझचा सख्खा धाकटा भाऊ तेमुगे ओत्चिगिन अजून जिवंत. म्हणजे हिचा चुलत सासरा. गादी रिकामी बघून तो फौज घेऊन निघाला. ओर्द्यात घबराट. काही जण तर सामान बांधायला लागले. बाईंनी फौज पाठवली नाही. निरोप पाठवला : मी तुमची सून. माझी सगळी भिस्त तुमच्यावर. आणि तुम्ही हे एवढं लष्कर घेऊन येताय ते कशासाठी? शिवाय दरबारात असलेला त्याचाच मुलगा निरोपाबरोबर परत धाडला. म्हातारा वरमला. म्हणाला, मी तर दुखवट्याला येत होतो. तेवढ्यात गुयुक पश्चिमेच्या मोहिमेवरून परत येऊन पोहोचल्याची बातमी आली आणि ओत्चिगिन मागे वळला.

'मी तुमची सून.' या तीन शब्दांत काय नाही सांगा! (पुढे गुयुकने त्या म्हाताऱ्याची चौकशी लावली आणि त्याला मारलं. पण ते नंतर.)

शब्दवेडा

ओत्चिगिनचा राग जुना असणार. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या त्यांच्या जुन्या ग्रंथाच्या शेवटी ओगेदेई स्वतःच्या चुका मोजतो, त्यात पहिली दारू. दुसरी म्हणजे एका बाईच्या बोलण्याला लागून काका ओत्चिगिनच्या मुलखातल्या मुली आणवल्या ही. बाई कोणती, ते तो सांगत नाही.

घाटावरचा

दारू ही पहिली चूक म्हणतो आणि मरतो दारूनेच. माणूस ओळखीचा वाटतो.

कंपाउंडर

भाऊ चगाताईने त्याच्यावर एक माणूस नेमला होता ना, दिवसाला इतकेच पेले मोजून द्यायचे म्हणून? ओगेदेईने पेल्यांचा आकडा पाळला, पेला मोठा केला. आमच्याकडे येणारे मधुमेही हेच करतात. एकच लाडू खाल्ला डॉक्टर! लाडू केवढा ते विचारायचं नाही.

जुना_बखरकार

हसून हसून पुरेवाट.

सांजवात, निरोपाचा प्रसंग माझ्याही मनात आहे, आणि बाई मुत्सद्दी नव्हती असं मी कुठेच म्हटलेलं नाही. बातूलासुद्धा ती शेवटपर्यंत अंगावर येऊ देत नाही. तो पायाच्या दुखण्याचं निमित्त करून कुरुलताईला (सगळ्या राजघराण्याची निवडसभा) येत नाही, ही सभा पुढे ढकलते, तोवर देणग्या देऊन एकेकाला आपल्याकडे ओढते. हे कौशल्यच आहे. माझा मुद्दा कारभाराचा होता.

पाद्रीबाबा

कुरुलताईचा विषय निघालाच आहे तर आमचे बाबाजी येऊ द्या. जोव्हान्नी कार्पिनी, फ्रान्सिस्कन साधू, साठी उलटलेली, अंगाने स्थूल. पोपचं पत्र घेऊन १२४५च्या ईस्टरला ल्यॉनहून निघाला तो १२४६च्या २२ जुलैला काराकोरमजवळच्या छावणीत पोहोचला. शेवटच्या टप्प्यात तर दिवसातून पाच-पाच, सात-सात वेळा घोडे बदलत. आणि नेमका तोरेगेनेच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सोहळा त्याने डोळ्यांनी बघितला.

त्याच्या वर्णनातले काही तुकडे :

पांढऱ्या उंची कापडाचा तंबू, दोन हजारांहून जास्त माणसं मावतील एवढा. भोवती लाकडी कुंपण. पहिल्या दिवशी सगळे सरदार पांढऱ्या पोशाखात, दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी निळा, चौथ्या दिवशी जरीचा. चार हजारांवर वकील आणि नजराणे घेऊन आलेले लोक. रशियाचा यारोस्लाव, जॉर्जियाचे दोन दावीद, रूमच्या सुलतानाच्या घरचा राजपुत्र. टेकडीवर पाचशेहून जास्त गाडे, सोनं, चांदी आणि रेशमाने भरलेले.

राज्याभिषेक १५ ऑगस्टला ठरला होता. अशी गारपीट झाली की पुढे ढकलावा लागला. गारा एकदम वितळून छावणीत पाणी घुसलं आणि १६० वर माणसं बुडाली. शेवटी २४ ऑगस्टला गुयुक गादीवर बसला.

बाईंनी बाबाजींना निघताना कोल्ह्याच्या कातड्याचा झगा दिला, केस बाहेरच्या बाजूला, आणि मखमलीचा एक तुकडा. त्यातली वारभर मखमल त्यांच्याबरोबरच्या मंगोलांनीच कापून ढापली. बाबाजींच्या नोकराच्या तुकड्यातली तर अर्ध्याहून जास्त. आमच्या लक्षात आलं होतं, पण बोललो नाही, असं लिहून ठेवलंय.

बंड्या_बोरिवलीकर

बोलला नाही, पण लिहून ठेवलं. असले पाहुणे धोकादायक. आमची एक मावशी अशी आहे. वाढलेल्या पुरणपोळ्यांचा आकार तिला तीस वर्षांनंतरही आठवतो.

रांगडा_गडी

आणि तो यारोस्लाव? बाईने विष घातलं ना त्याला?

पाद्रीबाबा

बाबाजी सांगतो ते असं. तोरेगेनेने यारोस्लावला मान म्हणून स्वतःच्या हाताने खाऊपिऊ घातलं. तो मुक्कामी परतला, लगेच आजारी पडला, सात दिवसांत मेला. सगळं अंग चमत्कारिक निळसर पडलं. म्हणून सर्वांनी विष असं धरलं. बाईंनी मग त्याचा मुलगा अलेक्झांडरला निरोप धाडला की ये, बापाची जमीन तुला देते. तो आला नाही.

कंपाउंडर

सात दिवस? मारायचंच असतं तर सात दिवस कशाला लावले असते? प्रेत निळसर पडायला विषच लागतं असं नाही. लांबचा प्रवास, म्हातारा माणूस, परकं अन्न, गारपीट, छावणीत शिरलेलं पाणी. शवचिकित्सेशिवाय मी सही करणार नाही.

खडूस_काकू

शिवाय यारोस्लाव बातूच्या बाजूचा. कुणालाही संशय येणारच. पण बाईच्या हातचं खाऊन पुरुष मेला की विष, आणि पुरुषाच्या हुकुमाने बाई नमद्यात गुंडाळून नदीत फेकली की तो न्याय. हे मात्र सगळ्या काळात सारखं.

सांजवात

काकूंनी फातिमाचा, म्हणजे तोरेगेनेच्या त्या सर्वांत जवळच्या बाईचा, विषय काढलाच. मी मूळ लेखात तो उरकला होता, कारण लिहवत नव्हतं.

फातिमा खुरासानातली, तूसजवळच्या मशहदची. मंगोलांनी ते शहर घेतलं तेव्हा कैद करून आणलेली. काराकोरमच्या बाजारात राहायची. तोरेगेनेच्या ओर्द्यात तिची ये-जा सुरू झाली आणि पुढे तिच्याशिवाय पान हलेना. मंत्री, सरदार बाहेर ताटकळत आणि ही आत. जुवैनी तिला कारस्थानी म्हणतो.

एक सांगू का? दोघी लुटीत आलेल्या. एक १२०४ मध्ये मेर्किटांच्या मोडलेल्या छावणीतून आणि दुसरी पडलेल्या शहरातून. सगळ्या साम्राज्यात या बाईला जिच्याशी मनातलं बोलता यावं अशी कदाचित तीच असेल. हा माझा अंदाज आहे, कुठे लिहिलेलं नाही.

पुढे कोतेन आजारी पडला. तोच, ज्याने आईची माणसं लपवली होती. त्याने भावाला कळवलं, हे फातिमाचं चेटूक आहे, मी मेलो तर तिला सोडू नकोस. जुवैनी म्हणतो, कोतेन मेला. गुयुकने आईकडे फातिमा मागितली. आईने नाही म्हटलं. त्याने पुन्हा माणूस पाठवला. तिने पुन्हा नाही म्हटलं. असं कितीतरी वेळा. शेवटी जबरदस्तीने नेलं. कित्येक दिवस उघडी, उपाशी, बांधून ठेवली, कबूल करवून घेतलं, मग शरीराची सगळी द्वारं शिवून नमद्यात गुंडाळून पाण्यात फेकली.

आळशी_मांजर

इथे सहसा नुसती वाचते. आज लिहिते.

बाबा गेले तेव्हा भाऊ सातवीत होता. आईने आठ वर्षं किराणा दुकान चालवलं. दुकानात एक बाई होत्या, त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. उधारीची लाल वही त्यांच्याकडे असायची. कोण देईल, कोण बुडवेल, कोणाला किती ताणायचं, सगळं आई त्यांना विचारून करायची. चुलत्यांना ते खुपायचं. 'दुकान तू चालवतेस का ती' असं तोंडावर बोलायचे.

भाऊ वीस वर्षांचा झाला आणि गल्ल्यावर बसला. पहिल्याच महिन्यात त्याने मावशींना घरी बसवलं. वहीतले काही हिशेब जुळत नाहीत म्हणाला. जुळत नसतीलही. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानात जायची बंद झाली. 'गुडघे दुखतात' म्हणायची. त्याआधी तिचे गुडघे कधी दुखले नव्हते.

भाऊ वाईट नाही. दुकान चांगलं चाललंय.

भटकी_चप्पल

🙏

खडूस_काकू

मांजरे, लिहीत जा गं अधूनमधून.

जुना_बखरकार

आळशी_मांजर यांच्या प्रतिसादानंतर वाद घालायला जीभ उचलत नाही. तरी मूळ प्रश्नाकडे यायचं तर... सांजवात, तुमचा 'पोरासाठी' हा पक्ष आता कुठे आहे?

शिलालेखी

उशिरा आलो. सगळा धागा वाचला. एक गोष्ट कुणीच काढली नाही.

चीनच्या हेनान प्रांतात जियुआनला एक शिलालेख आहे. साल १२४०. चिनी मजकूर, आणि शेवटी उइघुर लिपीतल्या मंगोलच्या थोड्या ओळी. त्या लिपीत दगडावर कोरलेल्या मंगोलच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. ताओ पंथाचे धर्मग्रंथ छापायचं जे प्रचंड काम तेव्हा चालू होतं, त्यासंबंधीचा हुकूम आहे. हुकूम कुणाचा? 'येके खातून'चा, म्हणजे महाराणीचा. अभ्यासक ती तोरेगेनेच मानतात.

साल पुन्हा बघा. १२४०. नवरा जिवंत आहे. गादी रिकामी नाही. पोराचा प्रश्नच नाही. आणि बाई स्वतःच्या नावाने चीनमध्ये फर्मान काढते, ते दगडावर कोरलं जातं.

म्हणजे १२४२ मध्ये एक विधवा एकदम उठून कारभार करायला लागली हे चित्रच चूक. ती आधीपासून करत होती. ओगेदेईचा पेला जसजसा मोठा होत गेला, तसतसं कोण काय बघत असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

खडूस_काकू

घ्या! आणि आम्ही इथे चार दिवस पोर की स्वतः, पोर की स्वतः.

जुना_बखरकार

शिलालेखी, हे माझ्या पथ्यावर. म्हणजे सत्तेची चव तिला आधीच होती.

शिलालेखी

थांबा, दुसरं नाणं पण बघा. अक्षरशः नाणं. तिच्याच काळात, हिजरी ६४२, म्हणजे १२४४-४५, कॉकेशसकडे मंगोलांनी चांदीची नाणी पाडली. एका बाजूला घोड्यावरचा धनुर्धर आणि 'उलुघ मंगोल उलुस बेग' ही अक्षरं. म्हणजे थोर मंगोल राज्याचा अधिपती. नाव कुणाचंच नाही. खाकान नव्हताच, त्यामुळे त्याचं नसणारच. पण हिचंही नाही. सांजवात यांची रझिया नाण्यावर स्वतःची पदवी घालते. ही घालत नाही.

जुना_बखरकार

आता हे काकूंच्या पथ्यावर. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?

शिलालेखी

दगडांच्या.

सांजवात

शिलालेखी, त्या १२४० ने माझी विकेट घेतली. माझा प्रश्नच चुकला होता. मी तिला 'आधी बायको, मग विधवा, मग आई' अशीच बघत होते. तिच्या डोक्यावर ती हातभर उंच बोग्ताग (तिकडच्या खानदानी बायकांचं शिरोभूषण, आतून झाडाच्या सालीचं, वरून रेशमाचं, टोकाला पीस) चढवून मी कल्पनेत बघत होते, तीसुद्धा गुयुकच्या शेजारी बसवूनच.

पोरासाठी नाही असं मात्र अजून म्हणवत नाही. नातवाला बसवलं असतं तर अल्पवयीन राजा, आणि हिला आणखी कितीतरी वर्षं कारभार बिनधास्त करता आला असता. स्वतःसाठीच करायचं असतं तर तेच सोयीचं होतं. तरी चाळिशीतल्या, तापट, दरबारात स्वतःचं डोकं चालवणाऱ्या पोराला बसवलं. का, ते मला कळलेलं नाही.

लेकीचं भाषण झालं. रझियावरच. आवाज छान लागला, पण शेवटचं वाक्य विसरली.

बंड्या_बोरिवलीकर

सोर्खाख्तानी. सोर्खाख्तानी. जमलं! बायको साक्षीला आहे.

घाटावरचा

आलो. सवड मिळाली. कुणाला झोडायचंय?